मोरीजवळचा माड

आमच्या रत्नागिरीच्या घरामागच्या माडाला कंबर आहे. तळाशी हत्तीच्या पायासारखा बुंधा, त्यावर सरळसोट भरीव खोड, आणि साधारण तीस फुटांवर एकाएकी दोन हात लांबीचा भाग बारीक, कुणी दोर आवळून मग सोडून दिल्यासारखा. त्याच्या वर खोड पुन्हा भरतं, पण खालच्याइतकं नाही. शेजारच्या काकू त्याला ‘तुमची नटी’ म्हणतात. मीही वर्षानुवर्षं ती कंबर बघत आलो होतो आणि असते एखाद्याची ठेवण तशी, म्हणून सोडून देत आलो होतो.

घर १९८५ चं. पुढच्या वर्षी जूनमध्ये बाबांनी भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून बाणवलीची दोन रोपं आणली. हे केंद्र १९५५ पासून तिथे आहे, खाडीवरचा पूल ओलांडला की समुद्राला लागून. मी पाच वर्षांचा होतो. एसटीत बाबांच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली रोपं आणि माझ्या मांडीवर बाबांची छत्री. रोप कसं निवडावं हे तिथल्या माणसाने त्यांना सांगितलं होतं आणि बाबांनी ते पुढे आल्यागेल्या सगळ्यांना ऐकवलं. उंच, शिडशिडीत रोपाला भुलायचं नाही. नऊ ते बारा महिन्यांचं, ठेंगणं, मानेशी जाड, पाच-सहा पानांचं घ्यायचं. पानं लवकर चिरायला लागलेली असली तर उत्तमच. माणसांच्या पोरांत उंचाचं कौतुक, माडाच्या पोरांत बुटक्याचं. मी वर्गात सगळ्यात बुटका होतो, त्यामुळे बाबा हे सांगायला लागले की मी जवळ जाऊन उभा राहायचो.

खड्डे आधीच्या डिसेंबरात खणून ठेवले होते. आमच्याकडे जमीन म्हणजे वर वीतभर माती आणि खाली जांभा. मीटरभर लांब, रुंद आणि खोल असे दोन खड्डे काढायला दोन गडी आणि त्यांची पहार चार दिवस राबली. तळाशी बाबांनी प्रत्येकी दोन किलो जाडं मीठ पसरलं. जांभ्यात मीठ घातलं की तो भुसभुशीत व्हायला मदत होते, आणि माडाला मिठातला क्लोरीनही लागतो. समुद्राकाठी उगाच नाही तो सुखात असतो. आईला हे माहीत नव्हतं. ती मागच्या दारातून म्हणाली, “माडाचं लोणचं घालताय काय?” मग नारळाची सोडणं उताणी रचून त्यांचे दोन थर दिले, म्हणजे पावसाळ्यातलं पाणी त्या वाट्यांत धरून राहतं. वर शेणखत आणि नदीकाठची माती.

एक रोप पुढे फाटकाजवळ लावलं आणि एक मागे, मोरीच्या पाण्यावर. मागचं भिंतीपासून आठ फुटांवर. बाबांसारखा हिशेबी माणूस इथे चुकला, कारण त्यांनी अंतर ठरवलं ते समोरच्या रोपाकडे बघून. दोन माडांत पंचवीस फूट सोडायचे असतात, आणि मोठ्या माडाची एक झावळ अठरा फुटांच्या आसपास जाते. आठ फुटांवर लावलेला माड पंधरा वर्षांनी आमच्या माजघरावर उभा होता. नारळ पडला की मंगलोरी कौल फुटायचं. पुढे कौलं काढून मागच्या पडवीवर पत्रा घातला, तेव्हापासून कौल फुटत नाही, झोप फुटते. मध्यरात्री अडीच वाजता पत्र्यावर पडलेल्या नारळाचा आवाज ज्याने ऐकलेला नाही त्याला मी तो सांगू शकणार नाही. घराजवळ माड लावायचा असेल तर वीस फूट सोडा. याहून उपयोगी काही मला सांगता येणार नाही.

पण मोरीजवळच्या जागेबद्दल आई ठाम होती, आणि ती बरोबर होती. कोकणात घरोघरी सगळ्यात जोमदार माड मोरीवरचाच असतो. पाऊस जून ते सप्टेंबर धो-धो पडतो आणि मग आठ महिने थेंब नाही. त्या आठ महिन्यांत माडाला शिंपणं लागतं, रोजचे तीस-चाळीस लिटर तरी. पुढच्या माडाला ते ताईने आणि मी विहिरीवरून कळशीने घातलं, आणि रोज त्यावरून भांडलो. मागच्या माडाला कुणी मुद्दाम पाणी घातल्याचं मला आठवत नाही. आमच्या पाच माणसांच्या आंघोळी, तांदळाचं धुवण, बांगडे धुतलेलं पाणी, भांड्यांचं खरकटं, सगळं दगडी पन्हळीतून त्याच्या आळ्यात जायचं. भांडी तेव्हा बंबातल्या राखेने घासली जायची. पुढे कधीतरी कृषी विद्यापीठाचं पत्रक माझ्या हाती आलं. पाच वर्षांपुढच्या माडाला वर्षाला पन्नास किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सुपर फॉस्फेट आणि दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश. पालाशचा तो आकडा बघून मला आजी आठवली, मोरीवर उकिडवी बसून नारळाच्या शेंडीने पातेल्याच्या बुडाला राख चोळणारी. राखेत पालाशच असतं. सोडण माडाचं, शेंडी माडाची, बंबात जळलेली झावळ माडाची आणि तिची राख परत माडाला. कुणी ठरवून केलेलं नव्हतं. भांडी स्वच्छ निघायची एवढंच.

पहिली सहा-सात वर्षं माड काही करत नाही असं वाटतं. नुसती पानं मोठी होत जातात, खोड म्हणून काही दिसत नाही. तो त्या काळात जमिनीलगत रुंदी जमवत असतो. आंबा किंवा फणस दरवर्षी सालीखाली नवा थर चढवून जाड होत जातो. माडाकडे ती सोय नाही. त्याच्या शेंड्यात एकच कोंब असतो आणि जे काही घडायचं ते त्या कोंबाच्या गाभ्यात घडतं. खोडाचा जो भाग तिथून जेवढ्या जाडीचा बाहेर पडला तेवढाच तो कायम राहतो. नंतर कितीही खत घाला, तीस फुटांवरची कंबर भरून येत नाही. उलटही खरं, पुढे कितीही हाल झाले तरी खालचं भरलेलं खोड रोडावत नाही. कोंब मेला की माड मेला, फांदी फुटणं वगैरे नाही. गवतासारखाच एकदल आहे तो. गोव्यात २०१६ साली याच मुद्द्यावरून माडाला कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळलं गेलं, म्हणजे तोडायला परवानगीची कटकट नको. केवढा आरडाओरडा झाला! पुढच्याच वर्षी नव्या सरकारने माडाला पुन्हा झाड केलं आणि वर राज्यवृक्षही. वनस्पतिशास्त्र पहिल्या बाजूने होतं हे कबूल करावं लागेल. पण ज्याच्या दारात माड आहे त्याला तुम्ही सांगून बघा की हे गवत आहे.

मागच्या माडाला पहिली पोय १९९३ साली आली. तलवारीच्या म्यानासारखी लांबट शेंग पानाच्या काखेतून वर सरकत आली, एका सकाळी उभी चिरली आणि आतून पिवळट मोत्यांच्या सरी बाहेर पडल्या. हजारो नरफुलं, आणि सरींच्या बुडाशी सुपारीएवढी पंचवीस-तीस बोंडं. मधमाश्यांचा नुसता धुडगूस. बाबांनी बोंडं मोजून वहीत लिहिली आणि पुढच्या महिन्याभरात ती गळताना बघून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. खरं तर माडाची निम्म्याहून जास्त बोंडं गळतातच. जेवढी पोसता येतील तेवढीच तो ठेवतो. हे माहीत असूनही बाबा रोज सकाळी आळ्यातली बोंडं वेचून पायरीवर ओळीने मांडून ठेवत.

त्या वर्षांत ते माडाच्या मागेच लागले होते. नवीन पान उघडलं आणि त्यावर पंख्यासारखे, कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले की समजायचं, गेंड्या भुंगा शेंड्यात शिरून गेला. सायकलचा जुना स्पोक टोकाला आकडीसारखा वाकवून बाबा शिडीवर चढत, भोकात घालून फिरवत आणि तो काळा शिंगवाला भुंगा ओढून काढत. मग पानांच्या काखांत डांबराच्या गोळ्या आणि वर वाळू. कपड्यांच्या कपाटाला आणि माडाला एकच वास यायचा. भुंग्याची पिल्लावळ मात्र वाढत होती आमच्याच शेणखताच्या खड्ड्यात. ते कळायला दोन वर्षं गेली.

पुढचा माड गेला, तो माझ्यामुळे. मी चौदा वर्षांचा असताना, १९९५ च्या उन्हाळ्यात, आईने कपड्यांसाठी तार बांधून मागितली. मी फाटकाच्या खांबापासून माडापर्यंत तार ताणली आणि माडात चार इंची खिळा ठोकला. आंब्यात ठोकला असता तर आंब्याने दोन-चार वर्षांत तो गिळून टाकला असता. माडाला जखम भरता येत नाही. नारळ पाडणारे पाडेली चढण्यासाठी ज्या पावठ्या कापतात, त्या पन्नास वर्षांनीही तशाच असतात, हे मी रोज बघत होतो. पण बघणं आणि कळणं यांत माझ्या बाबतीत नेहमीच बरंच अंतर पडत आलेलं आहे. खिळा गंजला, भोवतीची भेग वाढली. सोंड्या भुंग्याला असली भेग वासावर सापडते. तो तिथे अंडी घालतो आणि अळ्या आतून खोड खात जातात. १९९८ च्या गणपतीत त्या भेगेतून तपकिरी चिकट रस ओघळायला लागला. बाबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “कान लाव.” मी खोडाला कान लावला. आत कोणीतरी सावकाश चणे खात होतं.

त्यांनी पुढे काही म्हटलं नाही. औषध ओतून झालं, भोकं चिखलाने लिंपून झाली. दिवाळीनंतर मधली सुई पिवळी पडली आणि हाताने ओढल्यावर अलगद निघून आली. खिळ्यामुळेच, असं शपथेवर कुणालाच सांगता येणार नाही. आईने तार विहिरीच्या खांबाला बांधली.

मागचा माड मात्र वाढत राहिला. वर्षाला शंभरावर नारळ, त्यातले चाळीस घरात, बाकीचे ताईकडे, काकूंकडे, देवाला. नारळी पौर्णिमेला आई त्यातलाच एक घेऊन मांडवीला जायची. दर महिन्याला एक झावळ नवी उघडते आणि एक जुनी सुकून गळते. घरापाशी माड असणाऱ्याला त्या झावळीचं काय करायचं हा प्रश्न आयुष्यभर पुरतो. आजी होती तोवर झाप विणले जायचे, हीर काढून खराटे बांधले जायचे. ती गेल्यावर झावळ्या बंबात गेल्या, आणि बंब जाऊन गीझर आल्यावर कुंपणाला टेकून कुजायला लागल्या.

२००७ च्या सुरुवातीला बाबांच्या किडन्या निकामी झाल्याचं कळलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणून आई आणि ते ताईकडे डोंबिवलीला गेले. मी पुण्यात नोकरीला. घराला कुलूप लागलं. दिवसाला मोजून लिटरभर पाणी आणि शहाळं पूर्ण बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. शहाळ्यात पोटॅशियम फार असतं आणि बिघडलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. बाबा हसले होते ते ऐकून. “पालाश,” मला म्हणाले. “आपणच घातलं की.” त्या अडीच वर्षांत मी रत्नागिरीला चार-पाचदा गेलो असेन, वीज बिल, घरपट्टी, वाळवी. मोरी कोरडी ठणठणीत असायची. माडाकडे बघितल्याचं आठवत नाही. नारळ येत होते, त्यामुळे बघायला काही कारणही नव्हतं.

माडाचं हेच विचित्र आहे. त्याचं दुखणं त्याच वर्षी कळत नाही. नारळाची पोय पानाच्या काखेतून बाहेर दिसते त्याच्या जवळजवळ बत्तीस महिने आधी तिची सुरुवात कोंबाच्या गाभ्यात झालेली असते. पोय उघडल्यावर नारळ पिकायला आणखी बारा. म्हणजे आज हातात आलेल्या नारळाचा पाया चव्वेचाळीस महिन्यांपूर्वी पडलेला. बोंडं गळणं किंवा खोबरं पातळ भरणं लगेच दिसतं, पण दुष्काळाची खरी झळ दोन-तीन वर्षं उशिराने पोचते, आणि तोवर पाऊस चांगला झालेला असतो. लोक म्हणतात, यंदा सगळं केलं तरी माड धरत नाही. तो तेव्हाचं उत्तर आत्ता देत असतो. आमच्याकडे तेच झालं. बाबा २००९ च्या श्रावणात गेले. आई दिवाळीनंतर एकटीच रत्नागिरीला परतली, मोरीतून पाणी पुन्हा वाहायला लागलं, आणि पुढची दोन वर्षं माडाने वीस-पंचवीस नारळांवर भागवलं. काकूंनी कुणाची तरी दृष्ट लागली असं सांगितलं. आईने मिरच्या-मीठ ओवाळून टाकलं. मीठ गेलं म्हणा आळ्यातच.

मग तो सावरला. आई तिथे तेरा वर्षं एकटी राहिली. नको म्हटलं तरी राहिली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वरच्या अंगाला दापोली, हर्णे, आंजर्ले, श्रीवर्धन, दिवेआगर इथल्या वाड्या झोपल्या. आंजर्ल्याच्या मावशीच्या आगरात पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडलेल्या मी पाहिल्या. पुढच्या मेमध्ये तौक्ते आमच्या समोरून गेलं. रात्रभर आई फोनवर मला माडाची हालहवाल सांगत होती. झावळ्या सगळ्या एका अंगाला मिटून घेतल्यात, डोकं वाऱ्याकडे पाठ करून खाली घातलंय, केस विंचरायला बसल्यासारखं. सकाळी पडवीचा पत्रा काकूंच्या अंगणात सापडला. माड जागच्या जागी होता.

२०२२ च्या नोव्हेंबरात आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती माझ्याकडे पुण्याला आली ती राहिलीच. आमच्या सोसायटीच्या दारात दोन्ही बाजूंनी सहा-सहा ‘बॉटल पाम’ आहेत. खरे रॉयल पाम, मूळचे क्युबाकडचे. लॉबीत कुंड्यांतून ‘अरेका पाम’. त्याचं गाव मादागास्कर, आणि नाव मात्र आपल्या पोफळीचं. आई व्हीलचेअरवरून त्यांच्याकडे बघते आणि कुणाच्या घरी शोकेसमधली फळं बघावीत तसं तोंड करते. माळी सणावाराच्या आधी पामच्या खालच्या हिरव्या झावळ्या छाटतो, म्हणजे झाड ‘नीट’ दिसतं, आणि खोडाला गेरू-चुना लावतो. बुंध्याला लागून पेव्हर ब्लॉक. मी एकदा त्याला म्हटलं, हिरवं पान म्हणजे त्याचं स्वयंपाकघर आहे, सुकल्याशिवाय काढू नकोस. तो म्हणाला, “कमिटीला सांगा, साहेब.” कमिटीला सांगितलं. कमिटीने आभार मानले.

यंदा मेमध्ये नारळ पाडायला रत्नागिरीला गेलो होतो. पाडेली आमचा तीस वर्षांपासूनचा. हल्ली चढणारी माणसं मिळत नाहीत. नारळ मंडळाने चढायच्या यंत्रांचं प्रशिक्षण सुरू केलं आहे आणि त्याच्या मुलाने ते घेतलंही, पण हा अजून पायात दोराचं कडं अडकवून चढतो. वर जाऊन त्याने ओरडून सांगितलं, “दादा, पानं कमी झाली हां. अठ्ठावीसच आहेत.” आमच्या माडाला पस्तीस-छत्तीस असायची. आई पुण्याला आल्यापासून अडीच वर्षं मोरी बंद होती, हे मला तेव्हा आठवलं. आणि लगेच त्या कंबरेकडे लक्ष गेलं.

गळलेलं प्रत्येक पान खोडावर एक गोल वण ठेवून जातं. महिन्याला एक पान, वर्षाला बारा. हा हिशेब मला पाठ होता, पण त्याचा उपयोग करायचं कधी सुचलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, उतरताना वण मोजत ये. तो वरून बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “लोक नारळ मोजायला लावतात.” पण मोजले त्याने. कमरेची चुन्याची डबी काढली आणि दर बारा रिंगांना (तो त्यांना रिंगाच म्हणतो) चुन्याचं एक बोट खोडाला लावत खाली आला. कंबर सुरू होईपर्यंत अकरा बोटं आणि वर नऊ रिंगा, म्हणजे एकशे एक्केचाळीस. कंबरेच्याच एकतीस. मी मोबाईलवर आकडेमोड केली. एकशे बहात्तर वण, त्यात अजून डोक्यावर असलेली अठ्ठावीस पानं धरली की दोनशे. दोनशे भागिले बारा, सोळा वर्षं आठ महिने. पण पान बाहेर दिसण्याआधी दोनेक वर्षं आत घडत असतं, आणि त्याच्या पायाचं खोडही तेव्हाच भरत असतं. म्हणजे कंबरेची खालची कड आली २००७ च्या आसपास. वरची, त्याच रीतीने, २००९ च्या मध्यात.

हिशेब ढोबळ आहे. उपाशी माड वर्षाला बारा पानं काढत नाही, आणि पाडेल्याने एखादी रिंग गाळली नसेल असं मी सांगू शकत नाही. तरी मी बराच वेळ त्या खोडाखाली मान वर करून उभा राहिलो. चुन्याची बोटं एकाखाली एक, शाळेतल्या उंचीच्या खुणांसारखी. कंबरेखाली पाच माणसांची मोरी. पाचाची चार, आजी गेल्यावर. ताईच्या लग्नानंतर तीन. मी पुण्याला गेल्यावर दोन. तिथे खोड थोडं थोडं कमी होत गेल्याचा मला भास झाला, पण माड वर जाताना तसाही निमुळता होतो, तेव्हा ते सोडून देऊ. कंबर मात्र स्वच्छ होती, डॉक्टरांच्या फायलीइतकी. आणि तिच्यावरचं खोड म्हणजे एका बाईच्या आंघोळीचं, एका ताटाचं, एका पातेल्याचं पाणी.

पाडेली नारळ सोलत बसला होता. पारईवर नारळ दाबला, पिळला, तीन हिसक्यांत सोडण बाजूला. “काकींना सांगा,” तो म्हणाला, “ठिबक लावून घ्या. मी बघेन चावी.” मी दुसऱ्याच दिवशी ठिबक बसवून घेतलं, टायमरसकट. आळं उकरून बुंध्यापासून पाच फुटांवर गोल चर काढला, शेणखत आणि पत्रकातलं बाकीचं घातलं, सोडणं उताणी अंथरली. त्याचं उत्तर २०२८ च्या मागेपुढे येईल.

पुण्याला साठ नारळ आणले. आईला ठिबकचं सांगितलं. तिला ते फारसं पटलं नाही. विहिरीचं नुसतं पाणी काय कामाचं, म्हणाली, त्याला खरकट्याची सवय आहे. वण मोजल्याचं मी तिला सांगितलं नाही. मनातल्या मनात मात्र मी दुसरा हिशेब करत होतो. यंदाच्या नारळांचा पाया २०२१ च्या सप्टेंबरातला, म्हणजे तौक्तेनंतरच्या गणपतीतला. ती मोरीवर बसून मोदकांची चाळण घासत असणार. तिने रत्नागिरी सोडल्यापासून चव्वेचाळीस महिने मोजले तर पुढच्या आषाढापर्यंत येणारे सगळे नारळ तिच्याच पाण्यावर सुरू झालेले.

तिने पोत्यातला एक नारळ मागून घेतला. दोन्ही हातांत धरून कानाशी नेला, हलवला. पुन्हा हलवला.

“पंखा बंद कर जरा,” ती म्हणाली. “ऐकू येत नाही.”